वहिनींची वही

मी मराठीचा प्राध्यापक. औषधांची नावे वाचण्यापेक्षा ज्ञानेश्वरीतले जुने शब्द लावणे मला सोपे वाटते. तरीही गेली तीन वर्षे आमचे सारे घर ज्या एका वहीभोवती फिरते आहे, तिच्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. वही वहिनींची. एका आठवड्याला एक पान, आणि त्यावर नोंद माझ्या नऊ वर्षांच्या पुतण्याच्या फेफऱ्याची.

सहाव्या वर्षी त्याला पहिली आकडी आली तेव्हा कुणी कांदा हुंगवला, कुणी दातांत चमचा घालायला धावले, आईने दृष्ट काढली. मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये आणि पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर तडक रुग्णालय गाठावे, हे शहाणपण आम्हाला मागाहून आले. एक औषध झाले. ते हळूहळू बंद करून दुसरे झाले. वहीतल्या तांबड्या फुल्या मात्र हटेनात. आठवड्याला चार-चार!

"दोन योग्य औषधे पुरेशा मात्रेत देऊनही झटके थांबत नाहीत, अशा अपस्माराला आम्ही औषधाला दाद न देणारा म्हणतो," डॉक्टर म्हणाले.

असे रुग्ण थोडेथोडके नाहीत. ग्लासगोच्या ५२५ रुग्णांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्याच औषधाने शंभरांतले ४७ जण झटक्यांतून सुटले, दुसऱ्याने आणखी १३. त्यापुढे फारच थोडे. अशा वेळी निरनिराळ्या रीतीने काम करणारी औषधे जोडून पाहतात. आमच्याकडे व्हॅल्प्रोएट चालू होते, त्याच्या जोडीला लॅमोट्रिजिन आले. पण किती? अगदी कणभर! दोन-दोन आठवड्यांनी किंचित वाढ. दादा गप्प राहिला. मी मात्र तावातावाने डॉक्टरांकडे गेलो.

"सर, तुम्ही संधी शिकवता ना?" ते हसून म्हणाले. "दोन वर्ण शेजारी आले की एकामुळे दुसरा बदलतो. औषधांचेही तसेच. लॅमोट्रिजिनचा निचरा यकृत करते, आणि व्हॅल्प्रोएट त्या कामात आडवे येते. मग तेवढ्याच गोळीने रक्तातले प्रमाण सुमारे दुप्पट होते. घाई केली तर अंगावर पुरळ उठते, ते क्वचित जिवावरही बेतते. सांभाळून जोडली तर हीच दोन औषधे एकमेकांना बळ देतात."

मी मुकाट्याने परतलो.

जोडीचे असेच एक उदाहरण फ्रान्समधले. तान्हेपणीच सुरू होणाऱ्या एका उग्र अपस्माराचे वर्णन शार्लोट द्राव्हे यांनी १९७८ साली केले. त्या विकाराच्या ४१ मुलांवरील प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. व्हॅल्प्रोएट आणि क्लोबाझाम सर्वांनाच चालू होते. २१ मुलांना शिवाय स्टिरिपेंटॉल दिले, २० जणांना नुसतेच लटके औषध. पहिल्या गटात १५ मुलांचे झटके निम्म्याहून कमी झाले, दुसऱ्यात एकाच मुलाचे. स्टिरिपेंटॉलमुळे रक्तातले क्लोबाझामही वाढते, म्हणून गुंगी आणि मंदावलेली भूक यांवर नजर ठेवावी लागते. आणि गंमत पाहा, आमच्या मुलाला लागू पडलेल्या लॅमोट्रिजिनने या विकारात झटके बहुधा वाढतात! तेव्हा शेजारच्या मुलाची चिठ्ठी आपल्या मुलाला चालत नाही, आणि चालू गोळ्या आपल्या मनाने एकाएकी बंद करणे तर फारच धोक्याचे.

पुतण्या बरा झाला असे मी म्हणत नाही. जोडीनेही भागले नाही तर खास स्निग्ध आहार, काहींना शस्त्रक्रिया, असे मार्ग आहेत, असे डॉक्टर सांगतात. पण परवा तो वही घेऊन धावत आला. "काका, या महिन्यात तीन पाने कोरी!"

मग आकाशकंदील आपणच लावणार, असा त्याने हट्ट धरला. गेल्या तीन दिवाळ्यांत त्याला कुणी स्टुलावर चढू दिले नव्हते. वहिनी नाही म्हणाल्या नाहीत. एका हाताने स्टूल आणि दुसऱ्याने त्याची कंबर घट्ट धरून त्या उभ्या राहिल्या.