गोरेपण विकणारी जाहिरात आणि आपलं घर

रेडिओजवळ बसलेल्या सगळ्या ताई, काकू, मावशी आणि कॉलेजला जाणाऱ्या आपल्या लेकी, आज आपण जाहिरातीबद्दल बोलणार आहोत.

जाहिरात लागली की आपण टीव्हीचा आवाज कमी करतो, नाहीतर तेवढ्यात कुकर लावून येतो. तरी ती आपल्याशी बोलत असतेच. एसटी स्टँडच्या भिंतीवर, मोबाईलमध्ये, किराणा दुकानात टांगलेल्या पुड्यांच्या माळेवर ती असतेच. ती वस्तू विकते हे आपल्याला कळतं. पण वस्तूबरोबर ती एक विचारही घरात आणून ठेवते. तो विचार आधी कुठून आला आणि नंतर कुठे जातो, हे आज एका क्रीमच्या गोष्टीवरून समजून घेऊ.

1975 साली हिंदुस्तान लिव्हर कंपनीने 'फेअर अँड लव्हली' हे गोरं करणारं म्हणून क्रीम बाजारात आणलं. पुढे ते छोट्या पाऊचमध्येही मिळू लागलं, म्हणजे महिन्याचं सामान भरतानाच काय, मधूनच सुट्या पैशांतही घेता येऊ लागलं. त्याच्या जाहिरातींची गोष्ट बहुतेक ठरलेली असायची. सावळी मुलगी उदास. तिला कोणी विचारत नाही. मग ती क्रीम लावते, काही दिवसांत उजळते आणि तिला नवरा मिळतो किंवा नोकरी मिळते. त्यातली एक जाहिरात फार गाजली. वडील खंत करतात की आपल्याला मुलगा असता तर बरं झालं असतं. ते ऐकून मुलगी क्रीम वापरते, गोरी होते आणि तिला विमानात हवाई सुंदरीची नोकरी लागते.

आता विचार करा, ही खंत कंपनीने शोधून काढली का? नाही. ती आपल्या घरांत आधीपासून होती. बाळ जन्मलं की मुलगा की मुलगी यानंतरचा प्रश्न असतो, "रंग कसा आहे?" वर्तमानपत्रातल्या 'वधू पाहिजे'च्या चार ओळींत 'गोरी, सडपातळ' हे शब्द किती वर्षं छापून येतात. मुलगी सावळी असली की आपणच म्हणतो, "पण नाकीडोळी नीटस आहे हो." त्या 'पण'मध्ये सगळं आलं. पंढरीच्या सावळ्या विठ्ठलाला आपण माउली म्हणतो आणि सावळ्या लेकीला हळद-बेसन लावत बसतो.

म्हणजे जाहिरात आधी आरसा होते. आपल्या मनातली भीती उचलते आणि आपल्यालाच दाखवते. पण आरसा तेवढ्यावर थांबत नाही. तीच गोष्ट रोज दहा वेळा, हसऱ्या चेहऱ्याच्या नटीकडून, गाण्यासकट ऐकली की ती खरी वाटू लागते. घरात एखादी आत्याबाई बोलायची, ते आता सगळं जग बोलतंय असं मुलीला वाटतं. भीती आपली, दुकान त्यांचं आणि पैसे पुन्हा आपल्याच बटव्यातले.

मग यावर काहीच करता येत नाही का? येतं. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेच्या बायकांनी त्या जाहिरातींविरुद्ध तक्रारी केल्या आणि पाठपुरावा केला. 2003 साली हवाई सुंदरीची ती जाहिरात पडद्यावरून गेली. 2014 मध्ये जाहिरात क्षेत्राच्या स्वतःच्या नियामक संस्थेने नियम केला की सावळ्या माणसाला दुःखी, कुरूप किंवा लग्न-नोकरीत मागे पडलेलं दाखवायचं नाही. 2020 मध्ये कंपनीने नावातला 'फेअर' काढून 'ग्लो अँड लव्हली' असं नाव ठेवलं. फेअर म्हणजे गोरं, ग्लो म्हणजे तेज. त्याच वर्षी लग्न जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळानेही रंगावरून स्थळं निवडण्याची सोय काढून टाकली. समाज बोलला की जाहिरातीला भाषा बदलावी लागते, हे यातून दिसतं. पण नाव बदललं म्हणून मागणी संपत नाही. 'तेज', 'निखार', 'उजळ' हे शब्द कानावर आले की आपल्याला काय ऐकू येतं, ते आपलं आपल्याला माहीत आहे.

याच मागणीवर आठवडी बाजारात आणि मोबाईलवर बिननावाची, बिनलेबलची क्रीमंही विकली जातात. "सात दिवसांत गोऱ्या व्हा" असं त्यावर लिहिलेलं असतं. अशा काही क्रीमांत स्टिरॉइड असतं. सुरुवातीला चेहरा उजळल्यासारखा वाटतो. मग कातडी पातळ होते, लाल होते, पुटकुळ्या येतात, तोंडावर केस वाढतात आणि क्रीम थांबवलं की आग होते. काहींत पारा असतो आणि त्याने मूत्रपिंडाला इजा होते. म्हणून ज्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, घटक आणि तारीख नाही, ते क्रीम लेकीच्या तोंडाला लावू नका. लावून त्रास झाला असेल तर डबी घेऊन डॉक्टरांकडे जा.

जाहिरात नेहमी मागेच ओढते असंही नाही. 2015 च्या सुमाराला एरियल या कपडे धुण्याच्या पावडरीने विचारलं की धुणं हे फक्त बाईचंच काम आहे का? कमावत्या बायका घरोघरी हाच प्रश्न विचारू लागल्या होत्या. जाहिरातीने तो उचलला आणि मोठ्या आवाजात विचारला. पावडर त्यांना विकायचीच होती, पण प्रश्न चांगला होता.

आणि कधी ती आपलीच वस्तू फिरवून आपल्याला विकते. कोलगेटच्या जुन्या जाहिरातीत कोळशाने दात घासणाऱ्या पहिलवानाची थट्टा असायची. आपल्या घरांतून मीठ, राखुंडी, कोळसा मागे पडला. नंतर त्याच कंपनीच्या टूथपेस्टमध्ये मीठ आलं आणि कोळसाही आला! काय गावंढळ आणि काय चांगलं, हे ठरवायचा हक्क आपण जाहिरातीला किती सहज देतो, ते यात दिसतं.

तर पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की दहा मिनिटं काढा. कोणतीही एक जाहिरात घ्या आणि चार प्रश्न विचारा. ही कोणाला उद्देशून आहे? ही आपल्याला कशाची भीती किंवा लाज वाटायला लावते? यात काम कोण करतंय आणि आरामात कोण बसलंय? आणि जे वचन दिलंय, ते वस्तू खरंच पुरं करू शकते का? सोबत मुलींना आणि जमलं तर मुलांनाही बसवा. "सून पाहिजे गोरी" हे मुलाच्या कानावरही पडत असतं.

जाहिरात खोटं सांगत असेल तर तक्रारीला जागा आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी कंपनीला 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि पुन्हा तेच केलं तर 50 लाखांपर्यंत. जाहिरातीत झळकणाऱ्या नटनट्यांवरही कारवाई होऊ शकते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे 1915. वस्तूचं पाकीट, बिल आणि जाहिरातीचा फोटो जपून ठेवा.

शेवटचं एक. जाहिरात करणाऱ्यांत आता आपणही आहोत. आपले गट पापड, मसाले, चटण्या विकतात, प्रदर्शनात स्टॉल लावतात, लेबल छापतात. त्या लेबलवर छापखान्याच्या कॉम्प्युटरमधली गोरीपान, दागिन्यांनी मढलेली बाई टाकायची, की उन्हात पापड वाळवणाऱ्या आपल्याच हातांचा फोटो टाकायचा, हे आपण ठरवतो. लेकीचा बायोडाटा हीसुद्धा एक जाहिरातच आहे. त्यातली 'रंग' ही ओळ कोणत्याही कायद्याने सक्तीची केलेली नाही. ती खोडायला कोणाची परवानगी लागत नाही.

तुमच्या बैठकीत काय चर्चा झाली, ते आम्हाला केंद्रावर कळवा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार!