नरक्याचे औषध, सोन्याची ऊब

खानापूरहून जांबोटी-कणकुंबीकडे निघाले की सह्याद्रीचे दाट रान सुरू होते. याच डोंगररांगेत नरक्या वाढतो. वासाने नकोसा वाटणारा हा लहानसा वृक्ष कर्करोगावरच्या औषधासाठी जगाला हवा आहे, आणि त्या मागणीपायी त्याची बेसुमार तोडही झाली.

त्यातले रसायन कॅम्प्टोथेसिन. नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी आणि मन्रो वॉल यांनी १९६६ मध्ये अमेरिकेत ते एका चिनी झाडातून वेगळे केले. पुढे १९७२ मध्ये ते नरक्यातही सापडले. पेशीतल्या डीएनएचा पीळ सोडवणारे विकर हे रसायन जखडून टाकते आणि विभागू पाहणारी पेशी मरते. पण ते पाण्यात जेमतेम विरघळते. सत्तरच्या दशकात त्याचा विरघळणारा क्षार रुग्णांना दिला, तेव्हा मूत्राशयाला गंभीर इजा होऊ लागली आणि चाचण्या थांबल्या. टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही सुधारित रूपे १९९६ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. तरी इरिनोटेकन घेणाऱ्याला जुलाब छळतात, पांढऱ्या पेशी घटतात. कारण औषध रक्तातून अंगभर फिरते.

ते फक्त कर्करोगाच्या गाठीत, हव्या त्या क्षणी सुटले तर?

आयआयटी मुंबईतील रोहित श्रीवास्तव यांचा गट आणि खारघरचे कर्करोग-संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक यांनी मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांवर सोन्याचा मुलामा चढवला. साधारण ७५० नॅनोमीटरचा लेझर रक्त आणि पाणी फारसे शोषत नाहीत, म्हणून तो कातडीखाली उतरतो. सोने मात्र तो शोषून तापते. अशा पिशवीचा मेद चाळीस-बेचाळीस अंशांना सैलावणारा निवडला, तर आत भरलेले औषध तिथेच बाहेर पडते. तेवढ्या उबेने गाठीच्या रक्तवाहिन्या जास्त झिरपतात, पेशींची डीएनए-दुरुस्ती मंदावते आणि औषध अधिक लागू पडते. पन्नास अंशांपुढे पेशी उष्णतेनेच मरतात. या गटाने २०१५ मध्ये उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांतली सर्वांत मोलाची बाब वेगळीच आहे: सोन्याचे कवच बारीक कणांत मोडून शरीराबाहेर पडू शकते. अंगात साचून राहणारे सोने रुग्णाला कसे द्यायचे, ही या क्षेत्राची जुनी अडचण.

सोन्याच्या कणांचा माणसांवरचा ठळक दाखला अजून उष्णतेपुरताच आहे. अमेरिकेत सोळा पुरुषांच्या प्रोस्टेटच्या गाठींवर सोन्याचे कवच असलेले कण वापरले गेले. निष्कर्ष २०१९ मध्ये आले. गाठ खोल असल्याने लेझरचा तंतू आतपर्यंत घालावा लागला. तोंडातली गाठ मात्र प्रकाशाच्या थेट टप्प्यात असते. भारतीय पुरुषांत तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्करोग आघाडीवर आहे आणि निपाणीचा पट्टा तर तंबाखूवरच वाढला. सोन्याच्या कणांतली औषध-उष्णतेची जोडी उंदरांपलीकडे नेताना संशोधकांनी आधी तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांकडे वळावे.