फट पुढे, दोष मागे

दाढा नेहमीसारख्या मिटा आणि आरशात बघा. वरच्या पुढच्या दातांनी खालच्या दातांना थोडंसं झाकलेलं दिसायला हवं. काहींच्या तोंडात तिथे फट राहते. अशा माणसांना पुढच्या दातांनी कांद्याची पात तुटत नाही, शेवया जिभेने ओढाव्या लागतात, वडापाव खायचा तर तोंड वाकडं करून दाढेखाली धरावा लागतो. याला ओपन बाइट म्हणतात.

सांगलीत तारा लावण्याची प्रॅक्टिस करताना मी सर्वांत जास्त ऐकते तो प्रश्न असा : "मॅडम, तारांनीच होईल ना?" विचारणारी बहुधा आई असते आणि लग्नाचं बघायला सुरुवात झालेली असते. उत्तर मात्र फटीत नसतं, दाढांकडे असतं. अडकित्त्याच्या सांध्याजवळ खांड अडकलं की टोकं केवढी फाकतात! वरचा जबडा मागच्या बाजूला जास्त खाली वाढला की खालचा जबडा तसाच खाली-मागे फिरतो. चेहरा लांबट दिसतो, ओठ मिटायला हनुवटी आवळावी लागते. हा हाडाचा दोष. अंगठा चोखून नुसते दात सरकले असतील तर लहान वयात सवय सुटल्यावर फट पुष्कळदा आपोआप भरते. दोन्हींतला फरक चेहऱ्याच्या बाजूने काढलेल्या एक्स-रेवर कोन मोजून कळतो.

हाडाचा दोष असताना पुढच्या दातांना रबर लावून ते खाली ओढायचे, हा सोपा मार्ग. मला तो बहुतेकदा पटत नाही. फट झाकली जाते, पण हसताना हिरड्या जास्त दिसू लागतात आणि दात परत जागेवर जायला बघतात.

त्यापेक्षा दाढाच हाडात चढवाव्यात. जपानमध्ये सेंदाईच्या डॉक्टरांनी जबड्यावर टायटॅनियमच्या पट्ट्या बसवून हे करून दाखवलं. त्यांचा लेख १९९९ मध्ये आला. आता बऱ्याचदा स्क्रूवर भागतं. १.५ ते २ मिलिमीटर जाडीचा टायटॅनियमचा स्क्रू, हिरडी बधिर करून, दाढांच्या मुळांमधल्या हाडात हातानेच हळूहळू फिरवायचा. पेशंटला दाब जाणवतो, दुखत नाही. मग रबरी साखळी लावून काही महिने दाढा वर ओढत ठेवायच्या. दाढ १ मिलिमीटर चढली की पुढची फट २ ते ३ मिलिमीटरने मिटते. एखादा स्क्रू ढिला होतो. तो काढून शेजारी दुसरा घालतो.

फट मोठी, हसताना हिरड्या दिसतात, हनुवटी मागे, असं सगळं एकत्र असेल तर शस्त्रक्रियाच बरी. फ्रेंच सर्जन रने ल फोर यांनी १९०१ मध्ये चेहऱ्याची हाडं कुठल्या रेषांवर मोडतात ते दाखवलं. त्यातल्या सर्वांत खालच्या रेषेवर, ओठाच्या आतून, वरचा जबडा मोकळा करतात, मागच्या बाजूचं थोडं हाड काढून तो वर बसवतात आणि प्लेट-स्क्रूने पक्का करतात. खालचा जबडा मग आपसूक वर फिरतो. कधी त्यालाही कापून पुढे आणावं लागतं आणि तेव्हा खालचा ओठ काही काळ बधिर राहू शकतो, क्वचित कायमचा. आधी वर्ष-दीड वर्ष तारा, नंतर काही आठवडे ताक, आंबील, पातळ वरण. हे सगळं वाढ थांबल्यावरच, म्हणजे मुलींमध्ये साधारण १७ आणि मुलांमध्ये १९ वर्षांच्या पुढे. लग्नाची तारीख ठरवून येऊ नका!

फट पुन्हा उघडू शकते, मार्ग कुठलाही असो. जीभ पुढे रेटायची सवय राहिली तर धोका अधिक. म्हणून दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर कंटाळा न करता वापरायचा.

मूल तोंड उघडं ठेवून झोपत असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा आणि सातव्या वर्षाच्या आसपास दातांच्या डॉक्टरांना. मोठ्यांनी तारा लावून घेण्यापूर्वी एवढंच विचारावं : पुढचे दात खाली ओढणार आहात, की दाढा वर चढवणार आहात?