तीस हजार फुटांवरची उडी आणि आपांचे प्रश्न

विमानातून उडी मारण्याची हौस आता पैसेवाल्यांपुरती राहिलेली नाही. आमचा एक भाचा अमेरिकेत नोकरीला आहे. तिकडे टेनेसी राज्यात मेम्फिस शहराजवळ सुमारे ३०,००० फुटांवरून प्रशिक्षकाच्या अंगाला बांधून उडी मारून घेतात, आणि त्याने तिथे जायचे मनात धरले आहे. त्याची अम्मी म्हणजे आमच्या थोरल्या आपा, कोकणात राहतात. त्यांनी त्याला आलेली माहितीपत्रके आमच्याकडे पाठवली आणि फोनवर म्हणाल्या, "नाही म्हणायचं असेल तर कारण सांगून म्हणेन. आधी वाचून मला समजावून सांगा." आम्ही उर्दू-मराठी शिकवणारे. म्हणून शाळेतल्या विज्ञानाच्या मॅडमना सोबत घेऊन बसलो. चार संध्याकाळी त्यात गेल्या. घरोघरी असे भाचे-पुतणे आहेत, म्हणून त्यातले कामाचे इथे मांडत आहोत.

दोघांनी मिळून मारायच्या या उडीला 'टँडम' म्हणतात. १९८० च्या दशकात अमेरिकेत टेड स्ट्राँग आणि बिल बूथ यांनी दोन माणसांचे वजन पेलणारी छत्री तयार केली, तेव्हापासून ती रूढ झाली. नवख्या माणसाला दोन खांद्यांजवळ आणि दोन कमरेजवळ अशा चार ठिकाणी प्रशिक्षकाच्या पट्ट्यांना अडकवतात. पाठीवरच्या एकाच पिशवीत दोन छत्र्या असतात, एक मुख्य आणि एक राखीव. ठरलेल्या उंचीखालीही वेग कमी झाला नाही तर राखीव छत्री आपोआप उघडणारे यंत्र बसवणे अमेरिकेत टँडमसाठी बंधनकारक आहे. प्रशिक्षकाला किमान तीन वर्षांचा अनुभव आणि ५०० उड्या झालेल्या असाव्या लागतात. हे ऐकून आपांना जरा बरे वाटले. "म्हणजे पोराच्या हातात काही नाही," त्या म्हणाल्या.

नेहमीच्या १०,००० ते १५,००० फुटांच्या उडीत हे बरेचसे खरे आहे. तीस हजार फुटांवर मात्र नाही. तिथे श्वास ज्याचा त्यानेच घ्यायचा असतो.

मॅडमनी फळ्यावर आकडे लिहून दाखवले. १८,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो, ३०,००० फुटांवर तीस टक्क्यांच्याही थोडा खाली जातो. हवेत प्राणवायूचे प्रमाण तेच, एकवीस टक्के. पण दाबच नसल्यामुळे तो फुप्फुसातून रक्तात पुरेसा उतरत नाही. त्या उंचीवर नळी निसटली तर माणसाला शुद्धीवर राहून काही उपयोगाचे करायला एक ते दोन मिनिटे मिळतात. आम्हाला जास्त भीती वाटली ती पुढच्या गोष्टीची. प्राणवायू कमी पडू लागला की गुदमरल्यासारखे वाटेलच असे नाही. उलट माणूस खुशीत येतो, उगाच हसतो, सगळे ठीक आहे असे त्याला वाटते आणि नखे निळी पडत जातात. म्हणून विमानात एकमेकांवर नजर ठेवायची असते, आणि "मी ठीक आहे" या शब्दांवर विसंबायचे नसते.

दुसरा धोका नायट्रोजनचा. तो आपल्या रक्तात आणि चरबीत नेहमीच विरघळलेला असतो. सोड्याच्या बाटलीचे झाकण उघडले की जसे बुडबुडे सुटतात, तसे बाहेरचा दाब झपाट्याने घटल्यावर अंगात होऊ शकते. सांधे दुखतात, आणि बुडबुडे मेंदूत किंवा मज्जारज्जूत झाले तर अर्धांगही होऊ शकतो. उपाय साधा, पण चिकाटीचा आहे. वर जाण्याआधी अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ मुखवट्यातून शंभर टक्के प्राणवायू घेत बसायचे, म्हणजे नायट्रोजन श्वासावाटे निघून जातो. मध्येच मुखवटा काढून दोन शब्द बोलले, सेल्फी काढली, की बाहेरची हवा आत गेली आणि केलेली मेहनत वाया गेली. उडीच्या तोंडाशी विमानातल्या नळीवरून अंगावरच्या छोट्या सिलिंडरवर यायचे असते, तेही श्वास रोखून आणि प्रशिक्षक सांगेल त्याच क्रमाने. हा क्रम जमिनीवर पुन्हा पुन्हा करून घेतात. भाच्याला आम्ही सांगितले की इथे कंटाळा करू नकोस, पैसे खरे तर याचेच देतो आहेस.

ऑस्ट्रियाचे फेलिक्स बाउमगार्टनर १४ ऑक्टोबर २०१२ रोजी अमेरिकेत रॉझवेलहून फुग्यातून सुमारे ३९ किलोमीटरवर गेले, तेव्हा त्यांनी आधी दोन तास असा प्राणवायू घेतला होता. त्यांच्या खूप आधी, १६ ऑगस्ट १९६० रोजी, अमेरिकी हवाई दलाचे जोसेफ किटिंगर यांनी १,०२,८०० फुटांवरून उडी मारली होती. वर जाताना त्यांच्या उजव्या हातमोज्यात दाब भरला नाही आणि हात सुजून दुप्पट झाला, तरी उडी रद्द होईल म्हणून ते खालच्यांना बोललेच नाहीत. लोक याला शौर्य म्हणतात. त्यांच्या कामाचे मोल मान्य करूनही, आमच्या मुलांनी त्यांच्याकडून ही गोष्ट शिकू नये असे आम्हाला वाटते. हौशी माणसाने तर खुपले की लगेच सांगावे.

थंडीचा हिशेबही आहे. तीस हजार फुटांवर तापमान शून्याखाली ४४ अंशांच्या आसपास असते, आणि त्यात ताशी दोनशे किलोमीटरच्या वरचा वारा. छत्री उघडेपर्यंत दोनेक मिनिटे लागतात. तेवढ्यात उघडी राहिलेली कातडी गोठू शकते. आत सुती बनियन नको, ते घाम धरून ठेवते. लोकरीचे चालते. मफलर, दुपट्टा, लोंबणारे काहीही नको. स्कार्फ बांधणाऱ्या मुलींनी तो शिरस्त्राणाखाली घट्ट बसणारा निवडावा, आणि चेहऱ्यावर मुखवट्याच्या आड येऊ देऊ नये.

इथेच दाढीचा प्रश्न आला. मुखवट्याची रबरी कड कातडीला चिकटली पाहिजे. मध्ये केस आले की फट राहते आणि बाहेरची हवा आत शिरते. भाच्याची दाढी चांगली भरदार आहे. आपा काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यालाच ठरवू दे. पण फट ठेवून जायचं नाही." आम्हालाही यापेक्षा वेगळे सुचले नाही.

बाकी तयारी घरगुती म्हणावी अशी. आदल्या दिवशी वाटाणे, राजमा, सोडा नको, कारण उंचीवर पोटातला वायू फुगतो आणि भयंकर कळा येतात. पाणी भरपूर प्यावे. समुद्रात बुडी मारून आल्यावर निदान एक दिवस तरी वर जाऊ नये. सिगारेट तर नकोच, तिच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली प्राणवायूची जागा अडवतो. सर्दी असेल तर उडी नाही. उतरताना दाब वाढतो, कान-नाकाच्या वाटा बंद असल्या की पडदा फाटू शकतो. उडीत कंबर पुढे, मान मागे, पाय दुमडून मागे ठेवायचे. जमिनीजवळ आल्यावर दोन्ही पाय समोर उचलायचे आणि बसल्यासारखे घसरायचे. पाय खाली सोडणाऱ्यांचे घोटे मोडतात.

आपल्याकडे उदाहरण नाही असे नाही. पुण्याच्या पद्मश्री शीतल महाजन यांनी १३ नोव्हेंबर २०२३ रोजी एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून, कोणाला न बांधता, स्वतः उडी मारली. पण तोवर त्यांची जवळपास वीस वर्षे उड्या मारण्यात गेली होती, हे भाच्याला मुद्दाम सांगितले.

लहानपणी त्याला दम्याचा त्रास होता. अर्जात दम्याबद्दल विचारलेले आहे आणि त्याने ती जागा कोरी सोडली होती. आपांनी ते बरोबर पकडले. आता आधी फुप्फुसाच्या डॉक्टरांकडे तपासणी, त्यांचे पत्र अर्जाला जोडायचे, आणि साध्या उंचीची एक टँडम उडी पहिल्यांदा करून पाहायची, असे ठरले आहे. ठरलेल्या दिवशी नाक वाहत असेल तर भरलेले पैसे बुडाले तरी परत फिरायचे, हेही आपांनी त्याच्याकडून तीनदा कबूल करून घेतले. डॉक्टरांची वेळ पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारची मिळाली आहे.