१.५६ व्होल्टांचा हिशेब

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या डायनाको कंपनीने १९५९ साली ‘स्टिरिओ ७०’ हा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर बाजारात आणला. तयार घ्या, नाहीतर सुटे भाग घरी नेऊन स्वतः जोडा. सुट्या संचाची किंमत शंभर डॉलरला पाच सेंट कमी. दोन चॅनेल, प्रत्येकी ३५ वॅट. असे साडेतीन लाखांच्या आसपास ॲम्प्लिफायर खपले आणि जगभरची हौशी मंडळी आजही त्यांचा आवाज सुधारत बसलेली असतात. व्हॉल्व्हवाल्या यंत्राचा आवाज सुधारायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे कळायला याच्याइतका चांगला नमुना नाही. पैसे वाया घालवायच्या सगळ्या वाटाही इथे उघड्या आहेत.

आधी, ज्याला हात लावू नये ते. व्हॉल्व्ह चालतो शेकडो व्होल्टांवर, पण त्यातून करंट वाहतो जेमतेम मिलिअँपिअरमध्ये. स्पीकरला नेमकं उलटं हवं असतं. ही अदलाबदल आऊटपुट ट्रान्सफॉर्मर करतो आणि यंत्राचा दर्जा बराचसा तिथेच ठरतो. १९४७ मध्ये डी. टी. एन. विल्यमसन यांनी ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकात जो गाजलेला ॲम्प्लिफायर मांडला, त्याचीही सगळी मदार उत्तम गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरवर होती. पुढे १९५१ मध्ये डेव्हिड हाफलर आणि हर्बर्ट केरोज यांनी व्हॉल्व्हची स्क्रीन ग्रिड ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांमधल्या एका जोडणीला लावून विकृती कमी आणि ताकद भरपूर असा मेळ घातला. ‘अल्ट्रा-लिनिअर’ म्हणतात ते हेच. हाफलर हेच डायनाकोचे एक संस्थापक, त्यामुळे स्टिरिओ ७० मधला ट्रान्सफॉर्मर हा त्याचा सर्वांत भारी भाग आहे. तो धड असेल तर बाकीचं सगळं दुरुस्त होण्यासारखं.

बिघडतं ते वयाने. पॉवर सप्लायमधला डब्यासारखा कंडेन्सर आतून सुकतो. मग स्पीकरमधून गुणगुण येते आणि तबल्याचा बायाँ दबका वाटू लागतो. इथे उत्साही माणूस तीसऐवजी दोनशे मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ठोकून देतो. पण या यंत्रातला रेक्टिफायर व्हॉल्व्ह, जीझेड ३४, आपल्या लगेच पुढे ६० मायक्रोफॅरडच्या वर सोसत नाही. तो व्हॉल्व्ह जातो आणि दोष मिळतो आजकालच्या नव्या व्हॉल्व्हच्या दर्जाला.

व्हॉल्व्हच्या दोन टप्प्यांमधल्या कपलिंग कंडेन्सरवर तर पंथ पडले आहेत. तेल-कागदाचे, तांब्याच्या पत्र्याचे, हजारो रुपयांचे. माझं मत विचाराल तर जुना कंडेन्सर गळत असेल तेव्हा तो बदलण्याइतका फायदा दुसऱ्या कशाने होत नाही. गळत नसेल तर महागाचा लावून झालेला फायदा बहुधा बिलातच दिसतो. गळका कंडेन्सर मागच्या टप्प्यातलं डीसी पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर सोडतो आणि बायस बिघडवतो.

बायस म्हणजे गाणं सुरू नसतानाही व्हॉल्व्हमधून वाहणारा करंट. सिग्नलला उभ्या असलेल्या रिक्षाचं इंजिन समजा. फार कमी ठेवला तर बारीक आवाज खरखरीत होतात, फार जास्त ठेवला तर आतली प्लेट लाल होते. डायनाकोने हे काम घरगुती माणसालाही जमावं अशी सोय केली होती. ईएल ३४ या आऊटपुट व्हॉल्व्हच्या प्रत्येक जोडीखाली १५.६ ओहमचा रेझिस्टर. त्यावर मीटर धरायचा आणि १.५६ व्होल्ट येईपर्यंत बायस कमीजास्त करणारा पॉट फिरवायचा. म्हणजे जोडीला १०० मिलिअँपिअर, एकेकाला ५०. चारशेहून जास्त व्होल्टांवर हे प्रत्येकी वीसेक वॅट होतात आणि ईएल ३४ च्या प्लेटची मर्यादा आहे २५ वॅट. म्हणून आजचे बरेच जण ४० वरच थांबतात. व्हॉल्व्ह जास्त टिकतात, कानाला फरक जवळपास नसतो.

खरी अडचण वेगळीच आहे. मीटर बेरीज दाखवतो. एक व्हॉल्व्ह ६५ आणि दुसरा ३५ खात असला तरी आकडा तोच, १.५६. मग जादाचा करंट ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याला एका बाजूने चुंबकत्व देतो आणि खर्ज ढिला पडतो. प्रत्येक व्हॉल्व्हला स्वतंत्र दहा ओहमचा रेझिस्टर आणि स्वतंत्र पॉट दिला की दुखणं संपतं. खर्च किरकोळ, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एका दुपारी सगळं सामान मिळेल. बायसच्या वाटेवरचा जुना सेलेनियम रेक्टिफायरही त्याच वेळी काढून सिलिकॉन डायोड लावावा आणि बायस नव्याने जुळवावा.

‘व्हॉल्व्हचा गोडवा’ म्हणतात त्याचं नेहमीचं स्पष्टीकरण असं, की त्याची विकृती मुख्यतः दुसऱ्या हार्मोनिकची असते. मध्य षड्ज वाजला तर त्याचा दुसरा हार्मोनिक तार षड्ज आणि तिसरा तार पंचम. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला यात खुपण्यासारखं काहीच नाही. पण स्टिरिओ ७० सारख्या जोडीने चालणाऱ्या रचनेत आऊटपुटच्या व्हॉल्व्हचे सम हार्मोनिक एकमेकांना बरेचसे खोडून काढतात. तरीही लोकांना तो गोड लागतो. तेव्हा ते स्पष्टीकरण अर्धंच म्हणायचं.

आपल्याकडे हे यंत्र लावायचं तर २३० व्होल्टांवरून उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. तो बाजारात ‘११०’ म्हणून मिळाला तरी त्या छापील आकड्यावर विसंबू नये. फिलामेंटच्या पिनांवर ६.३ व्होल्ट येतात का, ते बघावं. झाकण काढण्याआधी वायर उपटावी आणि आत हात घालण्याआधी कंडेन्सरवर किती व्होल्ट उरलेत तेही मोजावं. बंद यंत्रातला साठा जीव घेऊ शकतो. आणि स्पीकर न जोडता व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर वाजवू नये, ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फुटू शकतं.

व्हॉल्व्ह बदलून ऐकण्याची मजा यानंतर. आऊटपुटच्या आधीच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या टप्प्यातला मूळचा ७१९९ आता दुर्मीळ, म्हणून अनेकांनी दुसरे व्हॉल्व्ह चालतील असे बोर्ड बनवले आहेत; ईएल ३४ मात्र स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये अलीकडेपर्यंत नव्याने बनत आले आहेत. तुलना करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि दोन्ही वेळी आवाजाची पातळी मीटरने सारखी करून घ्यावी. अर्धा डेसिबल मोठा असलेला व्हॉल्व्ह ‘जास्त खुला’ वाटतो आणि त्याच भरात त्याचे पैसे मोजले जातात.