परिचालन प्रणाली : जुन्या आवृत्त्यांची स्थापना

संगणकाची यंत्रसामग्री व तीवर चालणारे कार्यक्रम यांना जोडणाऱ्या मूलभूत आज्ञावलीस परिचालन प्रणाली किंवा ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. नवी आवृत्ती न स्वीकारता जुनीच बसविणे आणि इंटरनेटवरून आपोआप होणारे अद्ययावतीकरण बंद ठेवणे, हा प्रघात छापखाने, प्रयोगशाळा व लहान कार्यालये यांत आढळतो.

कारणे : युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी अक्षरजुळणीसाठी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’, सी-डॅकची ‘आयएसएम’ इ. आज्ञावल्या वापरात आल्या. त्यांच्या संकेतावल्या परस्परांहून भिन्न असल्याने एकीतील मजकूर दुसरीच्या फाँटमध्ये निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसतो. काही आज्ञावल्यांना संगणकास जोडावयाची ‘डोंगल’ ही कळ लागे. नव्या आवृत्तीत तिचा चालक-कार्यक्रम नसल्यास आज्ञावलीच उघडत नाही. परभणी, सेलू वा गंगाखेड येथील एखाद्या अक्षरजुळणी केंद्रात अनेक वर्षांचा मजकूर अशा संकेतावलीत असेल, तर आवृत्ती बदलताच तो साठा निरुपयोगी होण्याचा संभव असतो. तसेच १६ बिटी जुने कार्यक्रम विंडोजच्या ६४ बिटी आवृत्त्यांवर चालत नाहीत.

पद्धती : प्रथम सर्व मजकुराची प्रत स्वतंत्र तबकडीवर घेतात व आवश्यक चालक-कार्यक्रम आधीच उतरवून ठेवतात. स्थापनेची प्रत मूळ निर्मात्याचीच असावी लागते. स्थापना चालू असताना संगणक जाळ्यापासून तोडलेला ठेवतात, कारण जोडणी मिळताच अद्ययावतीकरण सुरू होऊ शकते. नंतर ते बंद करून सुरक्षाविषयक दुरुस्त्या तेवढ्या निवडून हाताने बसवितात.

धोके : सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्यावर प्रणालीतील उणिवा कायम राहतात. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, तर विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी संपला. मार्च २०१७ मध्ये दुरुस्ती उपलब्ध होऊनही ती न बसविलेले असंख्य संगणक त्याच वर्षीच्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर आज्ञावलीस बळी पडले. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये बँकांना, एटीएम यंत्रांतील आधार संपलेल्या प्रणाली जून २०१९ पर्यंत बदलण्याचा आदेश दिला.

स्वयंचलित अद्ययावतीकरणही सर्वस्वी निर्धोक नाही. जून २०१७ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प करणारी ‘नॉटपेट्या’ ही आज्ञावली मुळात युक्रेनमधील एका हिशेब-आज्ञावलीच्या अद्ययावतीकरणातूनच पसरली होती. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सदोष अद्ययावतीकरणाने जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले व भारतातील काही विमानतळांवर हाताने लिहिलेली प्रवेशपत्रे द्यावी लागली.

यामुळे जुनी प्रणाली जाळ्यापासून अलग अशा एका संगणकापुरती मर्यादित ठेवणे, इतर कामांसाठी आधार चालू असलेली आवृत्ती वापरणे आणि दरम्यान जुना मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणे, हा मार्ग श्रेयस्कर ठरतो. रूपांतरात जोडाक्षरे व रफार यांच्या चुका राहू शकत असल्याने मुद्रितशोधन मात्र अटळ असते.