गुरूचें मत आणि कसोटीचा दगड

गुरूच्या मताविरुद्ध मत देणें म्हणजे गुरूचा अवमान करणें, अशी समजूत आपल्या समाजांत फार खोल रुजलेली आहे. ती कितपत खरी, हें पाहण्यास अणूविषयींच्या मतांचा इतिहास चांगला उपयोगी पडतो. म्हणून तो आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

सन १८०८ मध्यें इंग्लंडांतील मँचेस्टर येथील जॉन डाल्टन यांनीं असें प्रतिपादिलें कीं, प्रत्येक मूलद्रव्य अभेद्य व अविनाशी अणूंचें बनलेलें असून एका मूलद्रव्याचे सर्व अणु सारख्याच वजनाचे असतात. परमाणूची कल्पना आपल्या वैशेषिक दर्शनांतही आहे. परंतु ती तर्कावर उभी होती. डाल्टन यांनीं संयोग पावणाऱ्या द्रव्यांचीं वजनें ताडून पाहिलीं, हा दोहोंतील मुख्य भेद होय.

पुढें १८९७ मध्यें केंब्रिजचे जे. जे. टॉमसन यांनीं ऋणविद्युत् धारण करणारे कण शोधून काढले. अत्यंत हलका जो हायड्रोजनचा अणु, त्याहूनही हे कण हजारपटींहून अधिक हलके. अर्थात् अणूची अभेद्यता संपली. १९०४ मध्यें त्यांनीं अणूचें चित्र रेखाटलें तें असें: धनविद्युतेचा एक गोल आणि लाडवांतील बेदाण्यांप्रमाणें त्यांत बसलेले ऋणकण. त्याच वर्षीं जपानचे हांतारो नागाओका यांनीं मध्यें जड गोल व सभोंवार शनीच्या कड्याप्रमाणें फिरणारे कण, असें निराळें चित्र सुचविलें. यांपैकीं खरें कोणतें, याचा निकाल वादानें लागणारा नव्हता.

तो प्रयोगानें लागला, आणि लावला तो टॉमसन यांच्याच शिष्यानें. न्यूझीलंडहून १८९५ मध्यें त्यांच्याकडे शिकावयास आलेले अर्नेस्ट रदरफर्ड पुढें मँचेस्टरला प्राध्यापक झाले. १९०९ मध्यें तेथें गायगर व वीस वर्षांचा विद्यार्थी मार्सडेन यांनीं धातूंच्या पातळ पत्र्यांवर आल्फा कण सोडले. टॉमसन यांचें चित्र खरें असतें, तर ते किंचित् वळून पलीकडे जावयाचे. बहुतेक गेलेही, परंतु प्लॅटिनमच्या पत्र्यावरून सुमारें ८,००० कणांत एक माघारीं फिरला! या एका कणाची उपेक्षा न करितां रदरफर्ड यांनीं १९११ मध्यें जाहीर केलें कीं, अणूचें बहुतेक सर्व वजन मध्यवर्ती सूक्ष्म केंद्रांत असून बाकीचा अणु प्रायः पोकळ आहे.

यांतही एक उणीव राहिली. फिरणारा विद्युत्कण प्रकाशरूपानें शक्ति गमावितो, असें तत्कालीन शास्त्र सांगे. मग ऋणकण केंद्रांत कोसळत कां नाहीं? रदरफर्ड यांच्याकडे शिकलेले डेन्मार्कचे नील्स बोर यांनीं १९१३ मध्यें उत्तर दिलें कीं, कांहीं ठराविक कक्षांत कण शक्ति न गमावितां फिरतो व एका कक्षेंतून दुसरींत उडी घेतो तेव्हांच प्रकाश टाकतो. रदरफर्ड यांनीं शंका काढल्या. तरी शिष्याचा निबंध स्वतःच प्रसिद्धीस पाठविला. हायड्रोजनच्या प्रकाशरेषा त्यानें उलगडल्या, हेलियमच्या मात्र उलगडेनात. आणि १९२६ मध्यें श्रोडिंजर यांच्या तरंगसिद्धांतानें त्या ठराविक कक्षाही मोडीत काढल्या.

यांत कोणाचा अवमान झाला? टॉमसन यांचें चित्र गेलें, पण त्यांचा ऋणकण आजही शास्त्राच्या पायाशीं आहे. शेजाऱ्यानें आणलेलें सोनेंही सराफ कसास लावून घेतो. त्यांत शेजाऱ्यावर अविश्वास नसतो, व्यवहाराची चोखी असते. तीच चोखी मतांच्या व्यवहारांत पाळण्याचा संकोच आपण कां करावा?